विजेच्या तारेने भाजल्यास नुकसानभरपाई कशी मागावी



मृगाच्या आधीचे वारे सुटले की रानातले विजेचे खांब कलतात, तारा झोळ खाऊन खाली येतात. एखादी तार तुटून बांधावर पडते, कडब्याच्या गंजीवर पडते, नाही तर साचलेल्या पाण्यात पडते. माणूस बैल सोडायला जातो, मोटर चालू करायला जातो आणि तारेत सापडतो. कुणी जागीच जातो. जो वाचतो त्याचा हात किंवा पाय जातो, महिनोन्‌महिने दवाखाना मागे लागतो, घरातली दुभती जनावरे विकली जातात. आणि एवढे होऊनही पुष्कळ घरांतून एकच शब्द ऐकू येतो, "नशीब!"

वादळ येणे नशिबाचे म्हणा. पण महिनाभर तक्रार करूनही तार ओढून घेतली नाही, तर त्याला नशीब म्हणत नाहीत. त्याला हयगय म्हणतात. दुसऱ्याच्या हयगयीने तुमचे अंग भाजले, तर नुकसानभरपाई मागणे ही भीक नव्हे, तो तुमचा हक्क आहे. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा हक्क कोर्टात मिळत असला, तरी त्याचा पाया पहिल्या आठ दिवसांत घातला जातो. तेव्हाचे कागद हातात असतील तर दावा उभा राहतो, नसतील तर चांगला वकीलही हात टेकतो. म्हणून काय करायचे ते पायरीपायरीने सांगतो.

१. आधी जीव, मग कागद

माणूस तारेला चिकटलेला दिसला की धावत जाऊन त्याला ओढू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे दगावतात, हे आपण दरसाल ऐकतो. आधी वीज बंद करा. घरगुती किंवा मोटरच्या लाइनचा शॉक असेल तर मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडाने तार बाजूला करा. पण तार अकरा हजार व्होल्टची, म्हणजे मोठ्या लाइनची असेल, तर कोरडे लाकूडही कामाचे नाही. तीस-चाळीस फूट लांब राहा, दुसऱ्यांनाही लांब ठेवा. सबस्टेशनला किंवा १९१२ या क्रमांकाला फोन करून लाइन बंद करवा. कोणती लाइन आहे ते कळत नसेल, तर मोठीच आहे असे समजून वागा.

माणूस सुटल्यावर श्वास चालू आहे का ते पाहा. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. भाजलेल्या जागेवर साधे स्वच्छ पाणी वीस मिनिटे सोडा. बर्फ नको, शाई नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शेण तर मुळीच नको.

विजेचे भाजणे हे चुलीच्या भाजण्यासारखे नसते. वर कातडीवर रुपयाएवढा डाग दिसतो आणि आत मांस, शिरा, नसा जळालेल्या असतात. करंट एका जागेने आत शिरतो, दुसऱ्या जागेने बाहेर पडतो, आणि वाटेत जे येईल ते जाळतो. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. लघवी काळपट तांबडी होऊ लागली तर मूत्रपिंडाला धोका आहे असे समजा. म्हणून "जखम बारकी आहे, मलम लावू" असे म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

२. कायदा काय म्हणतो?

तुम्ही म्हणाल, "तार कोणाच्या चुकीने तुटली हे आम्ही अडाणी माणसांनी कसे सिद्ध करायचे?" इथेच कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो.

मध्य प्रदेशात १९९७ साली एक माणूस रात्री सायकलवरून घरी चालला होता. रस्त्यावर पावसाचे पाणी साचले होते आणि त्यात तुटलेली जिवंत तार पडली होती. माणूस गेला. वीज मंडळाने सांगितले की, कुणीतरी आकडा टाकून वीज चोरत होता, त्याच्यामुळे तार पडली, आमचा दोष नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २००२ साली निकाल दिला तो असा: वीज ही मुळातच घातक वस्तू आहे. जो ती घातक वस्तू लोकांच्या वस्तीतून नेतो, त्याने ती निसटू न देण्याची जबाबदारी घेतलीच पाहिजे. ती निसटून कुणाला इजा झाली, तर हयगय सिद्ध झाली नाही तरी भरपाई द्यावीच लागेल. आकडा दुसऱ्याने टाकला होता, ही सबब चालणार नाही.

म्हणजे काय, तर कोणाच्या हातून काय चुकले याचा शोध लावण्याचा भार तुमच्या डोक्यावर नाही. तुम्हाला एवढेच दाखवायचे आहे की लाइन कंपनीची होती, तिच्यात वीज होती, आणि तिच्यामुळेच तुम्ही भाजलात. हयगय दाखवता आली तर दावा आणखी बळकट होतो, एवढेच.

हयगय ओळखायची एक सोपी खूण सांगतो. शेतावरून जाणारी अकरा हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार जमिनीपासून निदान ४.६ मीटर, म्हणजे सुमारे १५ फूट उंच पाहिजे. रस्ता ओलांडणारी तार त्याहून उंच पाहिजे. उसाने भरलेल्या ट्रॉलीला किंवा माणसाच्या खांद्यावरच्या पाइपाला तार लागत असेल, तर ती किती उंचीवर आहे ते लिहून ठेवा. मापाला लावलेली काठी तारेजवळ मात्र नेऊ नका. लांबून फोटो काढा, त्यात खांब आणि उभा माणूस दोन्ही येऊ द्या.

३. जागेवरचा पुरावा

अपघात झाला की काही तासांत लाइनमन येतात, तार जोडतात, वाकलेला खांब सरळ करतात. काम चांगलेच आहे, पण त्याबरोबर तुमचा पुरावाही जातो. म्हणून घरातले एक माणूस दवाखान्यात गेले, तर दुसऱ्याने जागेवर थांबावे.

(अ) दुरुस्तीच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. तुटलेली तार, खांबाचा नंबर, डीपी, जळालेले गवत, कपडे, चप्पल, सगळे घ्या. जळालेले कपडे फेकू नका, पिशवीत बांधून ठेवा.

(आ) पोलीस पाटील, सरपंच आणि तलाठी (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) यांना बोलावून जागेचा पंचनामा करवून घ्या. पंच शेजारच्या रानातले असावेत, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले तेच असावेत. पंचनाम्यात वेळ, गट नंबर, तारेची स्थिती आणि बांधापासूनचे अंतर यावे.

(इ) पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. हयगयीने दुसऱ्याला इजा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. फिर्यादीची एक प्रत फुकट मिळते, ती तिथेच मागून घ्या. ठाण्यात नोंद घेत नसतील, तर तीच फिर्याद लेखी करून जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

(ई) विद्युत निरीक्षकाला अर्ज करा. हे पुष्कळांना ठाऊकच नसते. विद्युत निरीक्षक हे सरकारचे अधिकारी, वीज कंपनीचे नव्हेत. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेने माणसाला किंवा जनावराला इजा झाली, तर कंपनीने त्यांना कळवावेच लागते, आणि ते चौकशी करून अहवाल देतात. कंपनीने कळवले असेल असे धरून बसू नका, तुमचाही अर्ज जाऊ द्या. कोर्टात या अहवालाला मोठे वजन असते. अहवालाची प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये फी भरून मागा.

(उ) आधी केलेल्या तक्रारी शोधा. "तार खाली आली आहे" असा अर्ज, ग्रामपंचायतीचा ठराव, १९१२ वर केलेल्या तक्रारीचा नंबर, वायरमनला पाठवलेला मेसेज, काही असेल ते काढा. अपघाताच्या आधीच्या तारखेचा एक साधा कागद नंतरच्या दहा साक्षीदारांएवढा असतो.

४. दवाखान्यातले कागद

दवाखान्यात दाखल करतानाच "विजेच्या तारेने भाजले" असे स्पष्ट सांगा, आणि केसपेपरवर तसेच लिहिले आहे ना, ते वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा. नुसते "भाजले" असे लिहिले, तर पुढे समोरचा वकील चुलीने भाजले म्हणायला मोकळा. अशी केस दवाखान्याने पोलिसांना कळवायची असते, ती कळवली का हे विचारा.

औषधाची प्रत्येक पावती, तपासण्या, ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत तारखेप्रमाणे लावा. जाण्यायेण्याचे भाडे, सोबत राहिलेल्या माणसाचा बुडालेला रोज, हेही वहीत टिपा. जखमांचे फोटो दर महिन्याला काढा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यावरचे उपचार बसतात आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. या योजनेतून उपचार झाले म्हणून भरपाईचा हक्क जात नाही.

हात, पाय, डोळा गेला किंवा बोटे आखडली, तर जखम भरल्यावर जिल्हा सामान्य रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला घ्या. त्यात टक्केवारी लिहिलेली असते. भरपाईचा हिशेब याच दाखल्यावरून पुढे जातो.

५. किती मागायचे?

भरपाई म्हणजे नुसते दवाखान्याचे बिल नव्हे. झालेला खर्च, पुढच्या ऑपरेशनांचा खर्च, बुडालेली कमाई, जन्मभर कमी झालेली कमाई, मदतनीसाचा खर्च, आणि सोसलेल्या वेदना व विद्रूपता, हे सगळे त्यात येते.

कमाईचा हिशेब कसा होतो ते उदाहरणाने पाहू. समजा, एका शेतकऱ्याचे वय ३४ आहे, महिन्याची कमाई १५,००० रुपये धरली. वर्षाचे झाले १,८०,०००. उजवा हात गेल्याने कमावण्याची ताकद ६० टक्के गेली, म्हणजे वर्षाचे नुकसान १,०८,०००. मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले, आणि इतर अपघातांतही न्यायालये त्यांचा आधार घेतात. ३१ ते ३५ वयाला गुणक आहे १६. म्हणून १,०८,००० गुणिले १६, बरोबर १७,२८,००० रुपये. हे फक्त कमाईचे, बाकीच्या बाबी वेगळ्या.

इथे एक बारकावा आहे. दाखल्यावरचे टक्के आणि कमाईचे नुकसान एकच नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे स्पष्ट केले आहे. एक हात गेला तर बैठे काम करणारा कारकून त्याच खुर्चीत बसून राहू शकतो. पण नांगर धरणाऱ्याचे, धार काढणाऱ्याचे, ऊस तोडणाऱ्याचे सगळे कामच थांबते. म्हणून तुम्ही रोज कोणकोणती कामे हाताने करत होता, ती यादी करून वकिलाला द्या.

समोरचे असेही म्हणतील की, "जमीन तर जागेवरच आहे, उत्पन्न कुठे बुडाले?" त्याला उत्तर कागदानेच द्यायचे. अपघातानंतर जे काम तुम्ही स्वतः करत होता त्याला गडी लावावा लागला, त्याची मजुरी सही घेऊन वहीत लिहा. सातबारा, आडतीच्या पट्ट्या, कारखान्याच्या उसाच्या पावत्या, दूध डेअरीची बिले, बँकेचे पासबुक, हे सगळे अपघाताआधीच्या दोन-तीन वर्षांचे गोळा करा.

लहान मुलाला इजा झाली तर "त्याची कमाईच नव्हती" असे म्हणून थोडक्यात भागवता येत नाही. हरियाणात २०११ साली घरावरून गेलेल्या अकरा हजार व्होल्टच्या तारेने चार वर्षांच्या मुलाचे दोन्ही हात आणि एक पाय गेला. तिथल्या उच्च न्यायालयात आधी ठरलेली ६० लाखांची भरपाई पुढे निम्मी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ती पुन्हा ६० लाख केली.

६. कोणाकडे जायचे?

पहिली पायरी, वीज कंपनीच्या कार्यकारी अभियंत्याकडे लेखी मागणी. अर्जावर पोच घ्या. कंपनीच्या नियमाप्रमाणे काही ठरावीक मदत मिळू शकते.

दुसरी पायरी, तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती, किंवा जिल्हा कोर्टातले विधी सेवा प्राधिकरण. १५१०० हा त्यांचा फोन. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणजे अपघाताने अपंगत्व आले असेल, तर वकिलाच्या फीसाठी शेत गहाण टाकायचे कारण नाही.

तिसरी पायरी, कायमस्वरूपी लोकअदालत. वीजपुरवठा ही सार्वजनिक सेवा असल्यामुळे एक कोटी रुपयांपर्यंतचा वाद तिथे नेता येतो. कोर्ट फी लागत नाही. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, तो फसला तर लोकअदालत स्वतः निकाल देते. मात्र त्या निकालावर अपील नाही, आणि कोर्टात दावा टाकण्याआधीच तिथे जावे लागते. तुमच्या जिल्ह्यासाठी ती कुठे बसते, ते विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

चौथी पायरी, दिवाणी दावा. वेळ लागतो, पण साक्षीपुरावा नीट होतो. घटनेबद्दल वादच नसेल, सगळे कागद साफ असतील, तर उच्च न्यायालयात रिट अर्जही करता येतो. कोणता रस्ता धरायचा ते वकिलाशी बोलून ठरवा.

याशिवाय महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. १० ते ७५ वयाच्या शेतकऱ्याला, किंवा त्याच्या कुटुंबातल्या एकाला, अपघाताने मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक डोळा, हात किंवा पाय गेल्यास एक लाख रुपये मिळतात. विजेचा धक्का त्यात बसतो. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. हे अनुदान सरकारचे, ते घेतल्याने वीज कंपनीवरचा हक्क संपत नाही.

७. मुदत आणि सही

माणूस दगावला असेल तर वारसांनी दोन वर्षांत दावा लावायचा असतो. इजेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षे धरतात, पण काही वेळा समोरचे एक वर्षाचीच मुदत दाखवून दावा पाडायला बघतात. म्हणून वर्षाच्या आत कोर्टाची पायरी चढा, म्हणजे तो वादच राहत नाही. "अर्ज केलाय, साहेब बघतो म्हणालेत" यात वर्ष निघून जाते. साहेबांच्या "बघतो"ने मुदत थांबत नाही.

दुसरे सांगणे सहीचे. दवाखान्यात पैशाची निकड असते. तेव्हा कुणी वीस-पंचवीस हजार घेऊन येतो आणि एका कागदावर अंगठा मागतो. त्यावर "पूर्ण व अंतिम" किंवा "यापुढे काही तक्रार नाही" असे शब्द असतील, तर सही करू नका. तातडीची मदत घ्यायला हरकत नाही. मात्र पावतीवर "तात्पुरती मदत म्हणून, हक्क राखून" असे स्वतः लिहा आणि मगच सही करा. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

८. आपली बाजूही साफ पाहिजे

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तुम्हीही कायद्याच्या बाजूला हवे. मीटरच्या पुढची वायर, स्टार्टर आणि मोटर तुमची. तिथला बिघाड कंपनीवर ढकलता येणार नाही. स्वतः आकडा टाकताना भाजलेल्या माणसाचा दावा टिकणे अवघड. आणि रानडुकरासाठी कुंपणात करंट सोडला व त्यात कुणी सापडले, तर भरपाई मागणे दूरच, तुम्हीच आरोपी होता.

डीपीवर चढून फ्यूज टाकणे हेही आपले काम नव्हे. "तुम्हीच टाकून घ्या" असे फोनवर कुणी सांगितले, तरी चढू नका. त्या सांगण्यावरून कुणी चढला आणि भाजला, तर कुणी, किती वाजता, कोणत्या नंबरवरून सांगितले ते लगेच लिहून ठेवा.

विद्युत निरीक्षकाकडे द्यायच्या अर्जाचा नमुना

प्रति, मा. विद्युत निरीक्षक, जिल्हा ______
विषय: विजेच्या अपघाताची चौकशी होण्याबाबत.
महोदय,
मी ______, राहणार ______, ता. ______. दिनांक ______ रोजी ______ वाजता गट नं. ______ मध्ये खांब नं. ______ जवळ वीज कंपनीची तार तुटून / खाली लोंबून माझ्या ______ ला (नाते) विजेचा धक्का बसला व ______ भाग भाजला. उपचार ______ रुग्णालयात चालू आहेत. तारेबद्दल दिनांक ______ रोजी तक्रार केली होती. (केली नसेल तर हे वाक्य गाळा.) तरी विद्युत अधिनियम २००३, कलम १६१ प्रमाणे जागेची चौकशी करावी, आमचे जबाब घ्यावेत व अहवालाची प्रत द्यावी, ही विनंती.
सोबत: फोटो, पंचनामा, फिर्याद, केसपेपर यांच्या प्रती.
सही / अंगठा, दिनांक

अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घेऊन घरी ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्सच द्या.

बंधूंनो, भाजलेला हात भरपाईने परत येत नाही, हे खरे. पण मुलांचे शिक्षण थांबत नाही, बैलजोडी दावणीला राहते, शेत सावकाराकडे जात नाही. आणि एका घराने नेटाने भरपाई मिळवली की त्या गावच्या लोंबत्या तारा पुढच्या पावसाळ्याआधी वर जातात. तेव्हा आजच आपल्या शिवारात एक फेरी मारा. कुठे तार खाली आली असेल तर खांबाचा नंबर टिपून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. हे पत्रक चावडीवर चारजणांना वाचून दाखवा, आणि मग घरात सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवा.